बैठकीतलं गाऱ्हाणं

घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला, त्यामुळे अवघड शोध माझ्याकडेच असायचे. दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक वेंगुर्ल्यात रविवारी भरते, हे मीच चार ठिकाणी विचारून काढलं आणि बाबांना एसटीत घालून नेलं. आईने बजावलं होतं, आज ते तिथे बसले नाहीत तर ती कायमची मामाकडे निघून जाईल.

दारातच बाबा अडले. "हय सगळे बेवडे आसत. माका कित्याक हाडलंस?"

"बसा तरी," मी म्हटलं.

मग एक माणूस बोलायला उठला. नाव त्याने सांगितलं नाही. तिथे कोणी विचारतही नाही. धुवट धोतर, कपाळाला गंध, आणि हात असे जोडलेले की मधे नारळ आहे असं वाटावं. देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणारे आमच्याकडे असेच उभे राहतात. त्याला बोलायची तीच रीत ठाऊक असावी.

"बा देवा म्हाराजा, मी दारुडो आसंय."

"व्हय म्हाराजा," देवळात गाऱ्हाण्याला गाव देतो तसा होकार सवयीने सगळ्या खोलीने दिला. दोघेतिघे हसलेही.

"सून गरवार होती. तिना बाटली लपयली म्हणान मी तिका लाथ मारलंय. पोर पोटातच गेला."

तो हात जोडून पुन्हा त्या होकाराची वाट पाहत राहिला. असल्या माणसासमोर मी बाबांना आणून बसवलं होतं. तेवढ्यात शेजारून एकट्या बाबांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

मी त्यांचा हात ओढला. "बाबा, चला घराक."

त्यांनी हात सोडवून घेतला. "बस रे. तेचा झाला की माका बोलूचा आसा."