शेवटची चाळीस पानं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलींना नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही — बहुतेक म्हणूनच.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाशकात पहिल्यांदाच गावभर पुस्तकांचा उत्सव भरला होता. तिकीट नाही, पास नाही, कुणीही यावं. पंचवटीत कवी, गंगापूर रोडला कथाकार. मेन रोडवरच्या एका दुकानदाराने काचेतल्या साड्या काढून तिथे पुस्तकं मांडली होती! पिंपळगावच्या बायका द्राक्षांच्या टेम्पोत बसून लेखक बघायला आल्या होत्या. मला तोवर वाटायचं, लेखक फक्त पुस्तकामागच्या फोटोत राहतात. एकोणीस वर्षांची होते मी. ते चार दिवस मी गावातून नुसती भारावून फिरत होते.

पण उत्सवाचं सांगायला मी बसलेले नाही. सांगायचं आहे ते गांगुर्डे काकांचं. म्हणजे — माझंच.

काका आमच्या कॉलनीत राहायचे. मूळचे देवळ्याकडचे. छापखान्यात तीस वर्षं त्यांनी खिळे जुळवले; शिशाचं एकेक अक्षर हाताने लावून पान उभं करायचं, ते काम. पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. पण स्मरणशक्ती! एकदा ऐकलेलं पान महिन्याने जसंच्या तसं म्हणून दाखवायचे. मी पुस्तक हातात धरून ताडून बघायचे आणि अंगावर काटा यायचा. एवढं सगळं एका माणसात मावतं?

उत्सवात एक कार्यक्रम होता — मंचावर एक लेखक आणि त्याच्यासमोर गावातला एक साधा वाचक. वाचकाने पुस्तकावर मनापासून बोलायचं. काकांना बोलावणं आलं. एका मोठ्या लेखिकेची कादंबरी होती, भांडून दुरावलेल्या दोन बहिणींची. ती काकांना वाचून दाखवायचं मी कबूल केलं. रोज दुपारी चार ते पाच, त्यांच्या ओट्यावर. काका आधीच हातपाय धुऊन, स्वच्छ सदरा घालून बसलेले असायचे. ऐकण्यासाठी सदरा बदलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चाळीस पानं उरली होती. आणि त्याच दिवशी पाचच्या गाडीने लेखिका नाशिकरोडला उतरणार होत्या. मैत्रिणी कोपऱ्यावर थांबून हातवारे करत होत्या. मला त्यांना बघायचं होतं — लिहिणाऱ्या बाईला, जिवंत!

मी काय केलं? पहिल्या दोन ओळी वाचल्या. मग पुस्तकावरून नजर काढली आणि मनाला येईल ते बोलत सुटले. मधूनमधून पान उलटत होते — काकांना आवाज ऐकू यावा म्हणून. हो, तेवढी काळजी मी घेतली. दहा मिनिटांत कादंबरी संपवली. माझ्या शेवटात धाकटी बहीण दारात येऊन उभी राहते, आणि थोरली एवढंच विचारते, “जेवलीस का?”

काकांनी हात पुढे करून पुस्तकावरून बोटं फिरवली. मग म्हणाले, “लय मोठी बाई आहे गं ही.”

मी स्टेशनवर पळाले. लेखिका उतरल्या — साधं सुती पातळ, बॅग स्वतःच्या हातात. मी बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी गंगेकाठचं, म्हणजे गोदावरीकाठचं, मैदान भरून गेलं होतं. मी काकांना हाताला धरून मंचावर नेलं, खुर्चीत बसवलं आणि खाली येऊन तिसऱ्या रांगेत बसले. काका बोलू लागले तसं मैदान गप्प झालं. पानंच्या पानं त्यांच्या तोंडून येत होती. लेखिका डोळे मिटून ऐकत होत्या. आणि मग काका म्हणाले, “पण खरी कमाल शेवटाची. ‘जेवलीस का?’ — दोन शब्दांत सगळं भांडण मिटवलंत, बाई.”

मागून कुणीतरी हसलं. मग बरेच जण. “काका, दुसऱ्याच पुस्तकाचं बोलताय!” कुणीतरी ओरडलं.

लेखिकांनी हात वर केला. त्या बोलल्या ते मला आजही ऐकू येतं. “हसू नका. हा शेवट मला सुचायला हवा होता.”

काकांनी हळूच विचारलं, “मग पुस्तकात काय आहे?”

“थोरली धाकटीचं पत्र न उघडताच चुलीत घालते,” त्या म्हणाल्या.

काकांनी हात जोडले. “माझीच चूक. वय झालं.”

तेव्हा मी उठून उभी राहू शकत होते. एका वाक्याचं काम होतं. नाही उठले. साडीचा पदर बोटाला गुंडाळत बसून राहिले.

परतताना टांग्यात काका म्हणाले, “मंदा, तू बरोबरच वाचलं असशील. माझ्याच डोक्यात घोळ झाला. तुझी मेहनत वाया घालवली, बाळ. माफ कर मला.”

आणि मी म्हणाले, “असू द्या, काका.”

मी त्यांना माफ केलं! कळतंय ना, मी काय केलं ते?

ती चाळीस पानं मी नंतर वाचली. इतकी थोर पानं मी क्वचितच वाचली असतील. काकांना ती कधीच ऐकायला मिळाली नाहीत. वाचून दाखवायची तर आधी खरं सांगावं लागलं असतं. त्यानंतर काका सहा वर्षं जगले; सहा वर्षं मी रोज त्यांच्या ओट्यासमोरून गेले. बोलताना ते मधेच थांबायचे, विचारायचे, “असंच आहे ना गं?” पूर्वी कधी विचारत नसत.

पुढच्या वर्षी उत्सवाची माणसं पुन्हा बोलवायला आली. मी तिथेच चहा देत होते. काका म्हणाले, “नको. मला आता नीट आठवत नाय.”

त्यांना सगळं नीट आठवत होतं. हे जगात फक्त मला माहीत होतं. मी रिकामे कप उचलले आणि आत गेले.