तिच्या उंचीचं घर

माझी मावशी जळकी आहे. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाही, ती स्वतःच चारचौघांत सांगते. लहानपणी ती माझ्या आईच्या लांब वेणीवर जळायची. मग मैत्रिणींच्या लग्नांवर जळली, कारण तिचं स्वतःचं जमता जमत नव्हतं. "लोक जळतात आणि वर गोड हसतात. मी नुसती जळते. तेवढंच एक काम कमी," असं तिचं म्हणणं.

चाळिशी उलटल्यावर तिचं लग्न झालं, ते मास्तरांशी. मास्तर शिंपी. त्यांची पहिली बायको आजारपणात गेली होती आणि मूलबाळ नव्हतं. मावशी चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची, मास्तर चष्मा करायला गेले आणि चष्मा तयार झाल्यावरही जात राहिले. दांडी सैल झाली, नाकाला टोचतोय, काच धुरकट दिसते. शेवटी मावशीच म्हणाली, "चष्म्याला काही झालेलं नाही. तुमचं काय ते बोला."

लग्नानंतर दोघं मास्तरांच्या दुकानावरच्या खोलीत राहिली. खोली एवढीशी होती. खाली मशीन सुरू झालं की जमीन तळव्यांना गुदगुल्या करायची. पण मावशी तिथे सुखात होती. पहिली त्या खोलीत कधी राहिलीच नव्हती. ती राहायची मास्तरांच्या जुन्या घरात, आणि ते घर ती गेल्यापासून कुलपात होतं.

मग दुकानाच्या मालकाला वरची खोली स्वतःच्या मुलासाठी हवी झाली. जुन्या घरात जाण्यावाचून इलाज उरला नाही. घराची डागडुजी करून घ्यायची ठरली. वायरिंगचं माझं शिक्षणच झालेलं असल्यामुळे मला बोलावणं आलं.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मास्तरांनी कुलूप काढलं. वरची कडी काढायला मावशी पुढे झाली, चवड्यांवर उभी राहिली, बोटं ताणली, तरी कडी वीतभर वरच. मास्तरांनी तिच्या डोक्यावरून हात घालून ती सहज काढली. मावशीचा चेहरा तिथेच उतरला.

पहिली उंच होती, मास्तरांपेक्षा जेमतेम दोन बोटं कमी. मावशी माझ्या खांद्याला लागते. आत गेल्यावर हा फरक भिंतीभिंतीवर दिसायला लागला. कपड्यांच्या खुंट्या उंच, स्वयंपाकघरातल्या फळ्या उंच, बटणांचा बोर्ड उंच. मोरीजवळच्या आरशासमोर मावशी उभी राहिली आणि बराच वेळ हललीच नाही.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"ये, बघ. फक्त भांग दिसतोय. बाकीची मी कुठे गेले कोण जाणे."

मी हसले. ती हसली नाही. समोरच्या भिंतीवर पहिलीचा फोटो होता. मास्तर घाईघाईने तो काढायला गेले तर तिने अडवलं. "राहू दे. फोटोचं मला काही नाही. तो मुकाट लटकलाय. या खुंट्या बोलतात."

परतताना रस्त्यात ती मला हळूच म्हणाली, "मी त्या घरात पाहुणी म्हणून राहायची नाही. एक तरी जागा अशी पाहिजे की जिथे मी उभी राहिले की ती दिसणार नाही. तेवढं झालं नाही, तर मी ताईकडे येऊन राहीन. तुझ्या आईला सांगून ठेव." आवाजात चेष्टेचा मागमूस नव्हता. मी आईला सांगितलं. आईने माळ्यावरची जादा गादी उन्हात टाकली. तिला धाकटी बहीण चांगली ठाऊक होती.

काम सुरू झालं. मिस्त्री म्हणजे गवंडी, बोलका माणूस. मावशी दुकानातून सुटली की थेट कामावर यायची आणि एकेका वस्तूची चौकशी करायची.

"अहो, ही खुंटी कुणी ठोकली?"

"मी," मास्तर म्हणायचे.

"ही फळी?"

"मीच."

"आणि खिडकीची ही नक्षीची काच?"

मास्तर घुटमळले. "ती... दुकानदाराने आग्रह केला."

"दुकानदाराने की दुकानात सोबत असलेल्या माणसाने?"

काच निघाली. खुंट्या निघाल्या, फळ्या खाली आल्या. बोर्ड मी स्वतः तिच्या हाताशी आणला. न्हाणीघराचा रंग चांगला होता, पण तो पहिलीने निवडला होता हे कळल्यावर तोही खरवडला गेला.

मिस्त्री एकदा म्हणाला, "वहिनी, या भिंती पण त्यांच्याच वेळच्या आहेत. पण त्या पाडू नका, वर छप्पर आहे."

मावशी हसली. मिस्त्रीवर ती रागवायची नाही, कारण त्याने पहिलीला पाहिलेलं नव्हतं.

पाहिलेलं होतं ते समोरच्या काकूंनी. काकू रोज एक चक्कर टाकायच्या. कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभ्या राहायच्या आणि सुस्कारा सोडायच्या. "काय टापटीप होती हो तिची! एवढं आजारपण, पण भांडं कधी लवंडलेलं दिसलं नाही. माझी अगदी पाठची बहीण म्हणा ना." मग मावशीकडे वळून, "तू पण शिकशील हळूहळू." मावशी पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती. ती ओठ आवळून मान हलवायची आणि काकू गेल्या की माझ्यावर डाफरायची. "तुझी ती वायर इथे मध्ये का पडलीये?"

राहिलं होतं स्वयंपाकघर. जुना ओटा कडेने झिजला होता, त्याची एक बाजू खचली होती. तो तर पाडायचाच होता. मास्तर एका संध्याकाळी म्हणाले, "ओट्याचं माझ्यावर सोड. तू तयार झाल्यावरच बघ. अगदी तुझ्या मापाचा."

मावशीला मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात तिने सगळ्यांना सांगितलं. गिऱ्हाइकांनासुद्धा. डोळ्यांसमोर अक्षरांचा तक्ता धरलेल्या एका आजोबांना म्हणे ती म्हणाली, "खालची ओळ वाचा. आमच्याकडे ओटा होतोय, खास माझ्या मापाचा."

आता मास्तरांची एक गंमत सांगते. ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचं माप टेपने घेतात. खांदा, छाती, बाही, सगळं मोठ्याने बोलत. पण घरच्या माणसाला टेप लावायची नाही हा त्यांचा हट्ट. घरच्यांचं माप नजरेत असतं, टेप परक्यांसाठी, असं ते म्हणतात. मावशीचे सगळे कपडे त्यांनी नुसतं बघून बेतले आणि एकही उसवावा लागला नाही. या एका गोष्टीची मावशीला फार ऐट होती. "मला टेप लागत नाही," असं ती मैत्रिणींना सांगायची.

त्यामुळे मिस्त्रीने जेव्हा सांगितलं, "वहिनींना एकदा बोलवा, कोपराचं माप घेऊन टाकू," तेव्हा मास्तर दुखावले.

"माझ्या बायकोचं माप तुम्ही मला शिकवणार?" असं म्हणून ते नव्या गिलाव्यासमोर उभे राहिले आणि तळहात आडवा धरला. "इथे." मिस्त्रीने तिथे रेघ मारली.

सुट्टीच्या दिवशी ओटा बघायला मावशी आली. केस नीट बांधून, ठेवणीतला ड्रेस घालून. मी स्वयंपाकघरातला दिवा जोडत होते. काळा दगड नुकता पुसलेला होता, चकचकीत. मास्तर एका कोपऱ्यात हात पाठीमागे बांधून उभे, मिस्त्री हातात ओलं फडकं घेऊन. आणि अर्थातच दारात समोरच्या काकू.

मावशी ओट्याशी जाऊन उभी राहिली. तिने दोन्ही हात दगडावर ठेवले. कोपरं पंखांसारखी बाहेर आली आणि खांदे कानांना भिडले. काहीतरी चिरत असल्यासारखा तिने हात चालवून पाहिला. मान मोडून, चवड्यांवर उंच होऊन, पुन्हा खाली.

सगळ्यांच्या आधी बोलल्या त्या काकू.

"अगंबाई! अगदी तस्साच झाला की! तेव्हाही असाच खिडकीच्या चौकटीला चिकटलेला होता. मिस्त्री, शाब्बास हो!"

मिस्त्रीने फडकं खांद्यावर टाकलं. "मला काय माहीत? मास्तरांनी हात धरला, मी रेघ मारली."

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं.

मिस्त्री भला माणूस. त्याने सावरून घेतलं. "एवढं काही नाही वहिनी. खाली एक चांगला पाट ठेवू. वर उभं राहिलं की झालं."

"म्हणजे रोज दोन वेळा पाटावर चढून मी तिच्याएवढी व्हायचं?" मावशी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी दिवा तसाच सोडून खाली उतरले. आईने वाळवलेली गादी माझ्या डोळ्यांपुढे आली.

"अगं, चुकून..." मास्तरांनी सुरुवात केली.

"चुकून नाही. अहो, इकडे या. भिंतीसमोर उभे राहा. डोळे मिटा."

"लोकांसमोर काय हे..."

"मिटा म्हणते ना. आता धरा हात. तुमच्या बायकोचा ओटा कुठे?"

मास्तरांनी डोळे मिटले. त्यांचा हात उठला आणि कुठेही न अडखळता दगडाच्या बरोबरीला येऊन थांबला. काकूंनी तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावली.

"आता उघडा. माझ्याकडे बघा. आणि परत धरा."

मास्तरांनी डोळे उघडले. ते मावशीकडे बघत राहिले आणि हात हळूहळू खाली आला. पार खाली, दगडाच्या कडेखाली.

"ती आजारी होती तेव्हा," मास्तर कसेबसे म्हणाले, "मीच या ओट्याशी उभा राहायचो गं. दोन वर्षं. हाताला तेवढंच ठाऊक आहे. नजर वेगळी आणि हात वेगळा, हे मला कधी..."

"म्हणजे नजरेत मी आणि हातात ती."

मास्तर खोटं बोलायला गेले असते तर जमलंही नसतं. मला वाटलं आता ही पर्स उचलणार. तिने उचललीही. पण आत हात घालून रुमाल काढला, नाक पुसलं आणि पर्स खिडकीत ठेवून दिली.

"कळलं मला माप," मास्तर घाईने म्हणाले. "मिस्त्री, इथे. या इथे रेघ मारा."

"थांबा. हाताने नको, नजरेने पण नको. टेप काढा."

"तुला? टेप? घरच्या माणसाला..."

"मी घरची कुठे झालेय अजून? दिसतंय की समोर. परक्या बाईचं घेता तसं माप घ्या. मोठ्याने बोलून."

मास्तरांच्या गळ्यात टेप नव्हती. सुट्टीचा दिवस होता. मिस्त्रीने आपली लोखंडी टेप पुढे केली तर मावशीने मान हलवली. "ती भिंतींची. मला कापडाची पाहिजे." मग मास्तर दुकानापर्यंत चालत गेले, शटर उघडून टेप घेतली आणि धापा टाकत परत आले. तेवढा वेळ मावशी ओट्याला पाठ करून, चपला काढून, ताठ उभी होती. काकूंनी एकदा "जाऊ दे गं, ती बिचारी..." असं म्हणून पाहिलं. मावशी म्हणाली, "काकू, तुम्ही बसा. स्टूल तिकडे आहे." काकू बसल्या.

मास्तरांनी गुडघे टेकले. टेपचं टोक तिच्या टाचेशी धरलं, दुसरा हात कोपरापाशी नेला.  ते आकडा पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

त्यांनी दुकानातल्यासारखं मोठ्याने सांगितलं. मिस्त्रीने खडूने भिंतीवर लिहून घेतलं.

मावशीने खाली वाकून बघितलं. मास्तर अजून गुडघ्यांवरच होते. "तिचं कधी घेतलं होतं असं?"

"नाही," मास्तर म्हणाले. "टेपने कधीच नाही."

 मावशी पुन्हा ताठ झाली. "मग नीट घ्या. घाई काय आहे? पुन्हा एकदा घ्या."

त्यांनी पुन्हा घेतलं. आकडा तोच आला.

मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, एवढा खाली घेतला तर मास्तरांचं काय? सकाळचा चहा तेच करतात म्हणालात."

"ते वाकतील," मावशी म्हणाली.

नव्याने बसवलेला तो उंच ओटा दुसऱ्या दिवशी काढला. दगड काढताना त्याला तडा गेला, म्हणून दुसरा आणावा लागला. मास्तरांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. सगळं आवरून दोघं राहायला गेली, त्यानंतर मी एका सकाळी गेले होते. मास्तर ओट्यावर दुमडून चहा गाळत होते आणि कण्हत होते. मावशी बाजूला उभी राहून उगाचच कपबशा इकडच्या तिकडे करत होती. कोपरं अंगाशी, खांदे सैल.

तेवढ्यात समोरच्या काकू आल्या. त्यांना राहवेना. ओट्याशी उभं राहून त्यांनी हात टेकून पाहिले आणि लगेच कमर धरली.

"काय गं हे? फारच खाली झालाय. इथे दुसऱ्या कुणाला उभंच राहता येणार नाही."

"हो ना?" मावशी म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता की काकू बघतच राहिल्या. "कुणालाच नाही जमत. बसा, चहा घ्या."