देवी काय म्हणाली

मला देवी आल्या तेव्हा मी दहा वर्षांची होते. चेहऱ्यावरचे वण आणि डाव्या डोळ्यात पडलेलं फूल त्याच वेळचं. निजामाचं राज्य होतं. आमचं गाव बदनापूर स्टेशनापासून तीन कोसांवर. वडील शेती करायचे, आणि गावदेवीची पूजाही आमच्याच घराकडे होती.

कुणाचं जनावर हरवलं, कुणाच्या घरी आजारपण आलं की लोक वडिलांकडे यायचे. ते थोडा वेळ डोळे मिटून बसायचे आणि देवी काय म्हणते ते सांगायचे. त्यात लबाडी नव्हती. त्यांना आतून जे वाटायचं ते देवीचंच, असं ते धरून चालत.

त्या वर्षी माघात सरकारी माणूस सायकलवर गावात आला. लोक त्याला देवी-डॉक्टर म्हणत. जालन्याचा वयस्कर मुसलमान, बोलणं निम्मं मराठी, निम्मं दखनी. लेकरांच्या दंडावर लस टोचायची, एवढंच त्याचं काम. माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण, गावातच दिलेली होती. लग्नानंतर खूप वर्षांनी तिला एक मुलगी झाली होती. त्या मुलीला कडेवर घेऊन आत्या आमच्याकडे आली.

"दादा, टोचून घेऊ का हिला?"

वडील डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "न्हाई म्हणती. आपण होऊन देवी अंगात घालायची न्हाई."

आत्या मुलीला घेऊन घरी परत गेली. वडिलांनी आम्हाला आत घेतलं आणि कडी लावली. माझा चार वर्षांचा भाऊ माझ्या मांडीवर होता. थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला.

"पाटील, दार तरी खोला. लेकरांना बघू द्या."

"लेकरं घरात न्हाईत," वडील म्हणाले.

भावाला हसू आलं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. बाहेरच्या माणसानं ते ऐकलं असणारच. तो जरा वेळ थांबला आणि निघून गेला.

चैत्रात साथ आली. आधी भावाला, मग मला. दाराला लिंबाचे डहाळे लागले, घरात फोडणी बंद झाली, आईनं केस विंचरणं सोडलं. लोक यायचे आणि भावाला हात जोडायचे, कारण त्याच्या अंगात देवी होती. नवव्या दिवशी तो गेला. माझे डोळे सुजून मिटले होते, त्यामुळे मला ते फक्त ऐकू आलं. चार दिवसांनी आत्याची मुलगी गेली. गावाच्या कडेला पिंजाऱ्याचं घर होतं. त्याच्या तिन्ही पोरांनी माघात टोचून घेतलं होतं. ती पोरं साथीतही गल्लीत खेळत होती. त्यांना काहीच झालं नाही, हे सगळ्या गावानं पाहिलं.

मुलीचे दिवस झाल्यावर आत्या आमच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"दादा, एकच सांग. त्या दिवशी देवी खरंच न्हाई म्हणली का?"

वडील उठून गोठ्यात गेले. आत्या गेली, ती पुढं दोन वर्षं आमच्या घरात आली नाही.

वडिलांनी पूजा चुलतभावाकडे सोपवली. कुणी काही विचारायला आलं तर ते उठून शेतात जात. आई मात्र देवळात जायची. दोघं त्यावर कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या पौषात एका सकाळी ते मला म्हणाले, "चल." आम्ही चालत बदनापूरला गेलो. देवी-डॉक्टर धर्मशाळेपुढं सायकल पुसत बसला होता. माझा चेहरा पाहून त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"साहेब," वडील म्हणाले, "मी दार उघडलं असतं तर पोरगं वाचलं असतं का?"

"झूट सांगू का खरं?"

"खरं ऐकायला तर आल्तो."

"मंग ऐका. वाचलं असतं, पाटील. बहुतेक वाचलं असतं."

वडील खाली बसले. डॉक्टरही त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. तो म्हणाला, "माझं पण ऐका. तुमचं लेकरू आत हसलं ते मला ऐकू आल्तं. तरी मी वापस गेलो, आणि रजिस्टरात लिहिलं, दोन लेकरं टोचली. वर जवाब द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी परत यायला पायजे होतं. न्हाई आलो."

वडील रागावतील असं मला वाटलं.  निघताना डॉक्टरनं सुरईतलं पाणी दिलं आणि वडील ते प्यायले. मुसलमानाच्या हातचं पाणी पिताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आठ दिवसांनी डॉक्टर गावात आला. वडिलांनी लोकांना देवळापुढं बोलावलं.

"मागच्या साली मी सांगितलं, देवी न्हाई म्हणती," ते म्हणाले. "देवी काही म्हणली नव्हती. मला भ्या वाटलं, आणि ते मी तिच्या नावावर सांगितलं. तुम्ही माझं ऐकलं. आता ज्याला शिव्या द्यायच्या त्यानं मला द्याव्यात."

मग त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि आधी स्वतःला टोचून घेतलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत. दोन घरांनी तरीही दारं लावून घेतली. आत्या मागं उभी होती. सगळं ऐकून ती निघून गेली. आई घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "खरं बोललात, बरं केलं. माझं लेकरू काही येत न्हाई."

त्यानंतर वर्षभरानं, ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत, आत्या शेतात आली. वडील कणसं खुडत होते. ती शेजारच्या ओळीत बसली आणि खुडू लागली. ओळ संपत आल्यावर म्हणाली, "दादा, देवळात का येत न्हाईस?"

"कोणत्या तोंडानं येऊ?"

"माझा राग तुझ्यावर होता, तिच्यावर न्हाई. आता तो पण वागवायचा कंटाळा आलाय." तिनं मूठभर कणसं त्यांच्या टोपलीत टाकली. "पोरीची आठवण निघाली की बोलायला कुणी न्हाई. तिला खेळवलेला तूच एक हायेस."

वडील तिथंच रडले. मी त्यांना रडताना पाहिलं ते त्याच दिवशी.

ते पुन्हा देवळात जाऊ लागले, पण पूजा त्यांनी परत घेतली नाही. माझं लग्न ठरल्यावर मी त्यांना विचारलं, "बा, तुमचा अजून विश्वास आहे का तिच्यावर?"

"हाय," ते म्हणाले. "ती काय म्हणती ते मला कळतं, यावर न्हाई राह्यला."

मग ते बैलांना पाणी दाखवायला गेले.