वसुधाची हिरवी वडी

फोन आला तेव्हा मी मरोळच्या बाजारात एका कानाशी नारळ धरून हलवत होते, आत पाणी आहे का ते ऐकायला. दुसऱ्या कानाशी मोबाइल होता. पलीकडून वसुधाचे यजमान, शशीभावोजी, एवढंच म्हणाले, ‘‘निर्मला, वसुधा गेली... तासाभरापूर्वी.’’ आणि मी विचारलं, ‘‘कुठे गेली?’’ मला खरंच कळलं नव्हतं. वसुधा नेहमी कुठे ना कुठे गेलेलीच असायची. नाचणी सालासकट दळतात की साल काढून, हे बघायला पिठाच्या गिरणीत. नाहीतर साकीनाक्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये, मनासारखी बारीक जाळीची चाळणी कुणी बनवून देईल का ते विचारायला. भावोजी काही बोलेनात तेव्हा माझ्या लक्षात आलं. नारळ खाली ठेवून मी रिक्षा केली आणि जोगेश्वरीला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच येत होतं, की हिच्या मरणाचं कारण हिला कळलं असेल का. कारण कळल्याशिवाय ती एकही गोष्ट सोडायची नाही.

आज त्याला सात आठवडे झाले.

मरोळच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघींनी शेजारशेजारच्या टेबलांवर तीस वर्षं काढली. लेबलवर लिहिलंय तेवढं औषध गोळीत खरोखर आहे का, हे तपासणं आमचं काम. मी नमुना पास झाला की सही करून मोकळी व्हायचे. वसुधा पास झालेल्या नमुन्याकडेही संशयाने बघायची. कालच्यापेक्षा हा लवकर का विरघळला, असं स्वतःशीच पुटपुटत बसायची. तिचा डबा थंड व्हायचा आणि शेवटी त्यातली भजी मी खायचे. रिटायर झाल्यावर हिचं कसं होणार, याची मला काळजी होती. त्याचं उत्तर तिच्या घरातच होतं.

शशीभावोजींना पन्नाशीत मधुमेह झाला. माणूस मालवणकडचा, गोडावर जीव. घरात गोड बंद झाल्यावर सकाळच्या फिरण्यातून परतताना नाक्यावर जिलेबी खायला लागले. सकाळचं शुगरचं रीडिंग चालून आल्यावर जास्त का येतं, या प्रश्नापासून सुरुवात करून वसुधाने चार दिवसांत ती जिलेबी पकडली. दुसरी कुणी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. हिने विचारलं, किती खाल्लीत आणि किती वाजता? भावोजी नंतर मला म्हणाले होते की भांडली असती तर बरं झालं असतं, ही तर वही घेऊन बसली. मग ती मला म्हणाली, ‘‘गोड पूर्ण बंद केलं तर ते चोरून खाणार. मला असं काहीतरी पाहिजे, जे त्यांना माझ्यासमोर खाता येईल.’’

तेव्हापासून तिच्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. सगळे सांगतात म्हणून नारळाच्या वडीत साखरेऐवजी गूळ घातला, मग खजूर घातला. दोन तासांनी भावोजींचं बोट टोचून बघितलं आणि मला फोन करून म्हणाली की यंत्राला साखर आणि गूळ यांतला फरक कळत नाही गं. बोट टोचून घ्यायला भावोजींची काही हरकत नव्हती. दर वेळी वडी मिळायची ना.

हिरव्या चहाची पावडर त्यांच्याकडे आली ती पुतणीमुळे. ती कंपनीच्या ट्रेनिंगला जपानला गेली होती, तिथून तळहातावर मावेल एवढा डबा घेऊन आली. वसुधाला आधी ती मेंदी वाटली. रीतसर गरम पाण्यात घुसळून सगळ्यांनी एकेक घोट घेतला आणि भावोजींनी पालक उकळलेल्या पाण्याची आठवण काढली. डबा मागे पडला असता, पण वसुधाच्या मनात तो कडवटपणा अडकून राहिला. मला म्हणाली, ‘‘आपण मिठाई इतकी गोड का करतो? गोडाशिवाय तिच्यात दुसरं काही लागतच नाही, म्हणून हात थांबत नाही. कडू घातलं तर थांबेल का?’’ मी म्हटलं, करून बघ. हे तिला सांगावं लागत नसे.

पहिली वडी भयंकर झाली. पावडर नारळाबरोबर कढईत परतली आणि तिचा शेवाळासारखा रंग झाला, चव जळक्या गवताची. मग कळलं की तिला आच सोसत नाही, कढई उतरवून मिश्रण जरा निवलं की मग घालायची. तशीच घातली तर गुठळ्या होतात, म्हणून आधी चाळायची. आणि नारळाच्या एका वाटीला पाव चमचा पुरे, त्याहून जास्त घातली तर औषध खाल्ल्यासारखं वाटतं. साखर ती कमी करत करत निम्म्यावर आली. त्याखाली वडी पडेना, भुगा व्हायला लागला. अकराव्या की बाराव्या खेपेला तिने वडी माझ्या हातावर ठेवली. रंग पोपटी. आधी नारळाचा गोडवा, मग मागून हळूच येणारा तुरटपणा. तो जिभेवर रेंगाळला आणि खरंच, मला दुसरी घ्यावीशी वाटली नाही.

पण माझ्या एकटीच्या जिभेवर ती विश्वास ठेवणारी नव्हती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने दोन ताटं मांडली, एकात नेहमीच्या पांढऱ्या वड्या, दुसऱ्यात हिरव्या. स्वतः दाराशी बसून वाण देता देता ताटांवर लक्ष ठेवत होती. बायकांनी पांढऱ्या दोन-दोन, तीन-तीन उचलल्या. हिरवी एकेक घेतली, छान आहे म्हणाल्या आणि थांबल्या. मला वाईट वाटलं, एवढी मेहनत फुकट गेली. वसुधा मात्र संध्याकाळभर खूश. आपली वडी कुणी पुन्हा मागितली नाही म्हणून आनंदलेली बाई मी तोवर पाहिली नव्हती.

यानंतर जे झालं ते माझ्याकडून झालं, आणि ते लिहायलाच हवं. मी तेव्हा घरून फराळाच्या ऑर्डरी घ्यायला लागले होते. दिवाळी तोंडावर होती. ही हिरवी वडी आपण विकू या, असं मी तिच्या मागे लागले. ती तयारही झाली, पण मी बॉक्सवर ‘मधुमेहींसाठी खास’ असं छापायचं ठरवलं होतं. लेबलचा नमुना तिने चष्मा लावून वाचला आणि परत दिला.

‘‘निर्मल, हे नाही लावता येणार.’’

‘‘खोटं काय आहे त्यात? साखर निम्मी आहे.’’

‘‘मग निम्मी आहे असं लिही. यांची शुगर या वडीनेही वाढते. कमी वाढते, एवढंच.’’

मी चिडले. तुझ्या नवऱ्याला चालते आणि लोकांना नाही चालत का, असं म्हटलं. त्याहून वाईटही काही बोलले. मी लेबलं उचलून निघून आले आणि माझ्या मनाने वड्या करून, तेच लेबल लावून विकल्या. आमचं बोलणं बंद झालं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

भाऊबीजेनंतर माझ्याच बिल्डिंगमधल्या परबकाकूंच्या सुनेने दार वाजवलं. काकूंना मधुमेह होता. ‘खास’ म्हणून त्यांनी दुपारभरात बॉक्समधल्या आठही वड्या संपवल्या होत्या, शुगर चढली होती आणि रात्र दवाखान्यात गेली होती. सूनबाई रागाने बोलत नव्हती. नेमकं काय घातलं होतं ते डॉक्टरांना सांगायचंय, एवढंच ती म्हणाली. मी घटक सांगितले आणि दार लावलं. मग जोगेश्वरीला गेले.

वसुधाने दार उघडलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती ‘मी म्हटलं नव्हतं’ म्हणेल याची मी वाट बघत होते. तिने मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, जेवणाआधी खाल्ल्या की नंतर? मग म्हणाली, ‘‘चूक माझीही आहे गं. एकीनंतर हात थांबतो, हे मी तब्येत बरी असलेल्या बायकांवर बघितलं. ज्यांना कित्येक वर्षं गोड मिळालंच नाही, त्यांचा हात थांबतो का, हे मी बघितलंच नव्हतं.’’

काकू घरी आल्यावर आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. माफी मी मागितली. काकू हसल्या, म्हणाल्या, चार वर्षांनी कुणीतरी म्हटलं की खा, तुझ्यासाठीच आहे. मग कशी थांबणार? परत येताना जिन्यात वसुधा ते वाक्य दोनदा पुटपुटली. पुढच्या वर्षी आमचं लेबल तिने लिहिलं. ‘साखर निम्मी. एक वडी पुरे. मधुमेह असल्यास खाऊन मोजून बघा.’ बॉक्स निम्मेच खपले. त्यावर भांडायची माझी हिंमत नव्हती आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

परवा मी भावोजींकडे गेले होते. त्या सकाळी काय झालं, ते त्यांनी पहिल्यांदाच नीट सांगितलं. वसुधा ओट्याशी उभी होती, नारळ शिजत आला होता. एकदम म्हणाली, जरा बसते. पण बसायच्या आधी तिने गॅस बंद केला. पावडरचा डबा मात्र उघडाच राहिला. दवाखाना, मग नातेवाईक, मग दिवस... बाराव्या दिवसानंतर भावोजींचं लक्ष त्या डब्याकडे गेलं.

त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला. आतली पावडर वाळक्या गवतासारखी झाली होती. ‘‘हिरवी होती ना गं ही? अशी का झाली?’’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं की हवा आणि उजेड लागला की तिचा रंग उडतो, वासही जातो. त्यांनी मान हलवली. मग ताटलीत एक वडी आणून दिली. त्यांनी स्वतः केलेली, आयुष्यात पहिल्यांदा. रंग मातकट, कडा कोसळलेल्या, वास जवळजवळ नाहीच. पण सगळं चघळून झाल्यावर अगदी शेवटी जिभेवर तो तुरटपणा आला.

मी म्हटलं, पुतणीला सांगून नवीन डबा मागवते.

भावोजींनी झाकण घट्ट लावलं. ‘‘मागव,’’ म्हणाले, ‘‘पण आधी ही संपू दे.’’