अकोल्याची लाल तार
परवा कपाट आवरताना टाइपरायटरच्या जुन्या फितीचा तेलकट वास आला आणि अमरावतीचं तारघर आठवलं. साठच्या दशकात, घरातला पहिला पदवीधर म्हणून, मी तिथे नोकरीला लागलो होतो. तारा छापणाऱ्या नव्या टेलिप्रिंटरला काळी-लाल अशी दोनरंगी फीत होती. आम्ही पाठवलेला आणि अकोल्याहून आलेला मजकूर एकाच कागदावर उमटून घोटाळा होई, म्हणून मी रंग बदलायचा खटका असा लावला की आमचं काळं उमटावं आणि अकोल्याचं लाल. साहेबांनी पाठ थोपटली. त्याच दुपारी एक बाई खिडकीशी आली. तिची लेक अकोल्याला बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. तिथून बाईच्या नावावर आलेली तार मी तेव्हाच फॉर्मवर चिकटवत होतो. ती पाहताच बाईचा चेहरा उजळला. "लाल अक्षरं हायेत ना, बाबू? मंग चांगलीच खबर असन! नातू झाला का नात?" मी बोलण्याआधीच तिनं पदराच्या गाठीतला गूळ माझ्या हातावर ठेवला. "आदी तोंड गोड कर, मंग वाच." तारेत लेक गेल्याचं लिहिलं होतं. आमच्याही घरी लग्नपत्रिका लाल अक्षरांत येई आणि मरणाची चिठ्ठी काळ्या. माझी न शिकलेली आई रंगावरूनच ओळखायची. चार पुस्तकं शिकून मी हेच कसं विसरलो? गूळ मुठीत धरूनच मी तिला तार वाचून दाखवली. संध्याकाळी खटका काळ्यावर फिरवला. आजही कुणी हातावर पेढा ठेवला, तर बातमी ऐकल्याशिवाय मी तो तोंडात टाकत नाही.