न सांगितलेली खोड

हैदराबादच्या दुकानदारानं त्या जुन्या कॉम्प्युटरची खोड मला तोंडावर सांगितली होती. मी ती ऐकली, मला ती समजली, आणि ज्यांच्यासाठी कॉम्प्युटर घ्यायला गेलो होतो त्या अक्कांना मी ती सांगितली नाही. माझी चूक एवढीच आहे. ती कबूल करायला मला दीड वर्षाहून जास्त काळ लागला.

अक्का बीदरमध्ये टायपिंगचा क्लास चालवत. माहेर जनवाड्याचं. वडिलांनी धम्म घेतला त्या सुमारास त्यांनी मुलीला शाळेत घातलं, आणि घराण्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी हाताला विळ्याऐवजी टाइपरायटर लागला. मी ठाणाकुशनूरहून शिकायला आलो तेव्हा त्यांनीच मला टायपिंग शिकवलं. बोटांवर रुमाल टाकून टाइप करायला लावत, आणि खाली डोकावलं की पट्टी बसे. त्या शिक्षणावर मला सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली. त्या मला 'तम्मा' म्हणत, धाकटा भाऊ.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कचेरीनं मला पंधरा दिवस कॉम्प्युटर शिकायला हैदराबादला पाठवलं. परत आलो तो अर्धा पंडित होऊन. अक्कांनाही क्लासात कॉम्प्युटर हवा होता, पण नवा झेपणारा नव्हता. मी म्हणालो, जुना मिळतो, मी बघून आणतो. त्यांनी माझ्यावर सोपवलं.

दुकानात दोन संच होते. एक साधा, नुसत्या फ्लॉपीवर चालणारा. त्याला सहा महिन्यांची लेखी गॅरंटी होती. दुसऱ्यात हार्ड डिस्क होती. सगळं आतच साठवायचं, फ्लॉपी बदलत बसायला नको. त्याला कागद नव्हता. दुकानदार म्हातारा होता, सरळ होता. म्हणाला, "साब, इसकी डिस्क कभी कभी आवाज करती. चली तो चली, नै तो नै. कागद नै मिलेगा. मैं बोल दिया, बाद में नक्को बोलना."

माझे वडील बैलांचे दलाल. आमच्याकडच्या बाजारात एक रीत होती. विकणाऱ्यानं जनावराची खोड चार माणसांत बोलून दाखवायची: मारका आहे, पाण्याला बुजतो, डाव्या अंगाला बसतो. एकदा बोललं की पुढची जबाबदारी घेणाऱ्याची. आणि मधला दलाल खोड गिळून बसला, तर बोटांच्या खुणांनी भाव ठरवायला पुन्हा त्याच्या रुमालाखाली कुणी हात घालत नसे. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी मी हार्ड डिस्कवालाच घेतला, कारण तो भारी दिसत होता आणि मला भारी काहीतरी घेऊन जायचं होतं. येताना बसमध्ये जहीराबादपर्यंत उभा, पुढं बीदरपर्यंत मॉनिटर गोधडीत गुंडाळून मांडीवर.

क्लासात जोडणी केली. हिरवी अक्षरं उमटली तशी शिकायला आलेल्या मुली टाइपरायटर सोडून भोवती जमल्या. तेवढ्यात डब्यातून कट् कट् असा आवाज आला आणि थांबला.

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. माझे वडील काय करतात ते त्यांना माहीत होतं.

"आवाज कामून यायलाय रे? खोडबीड काय सांगितली का त्यानं?"

"न्हाई अक्का. बसमधी हललाय. बसंल हळूहळू."

इतकं सहज बोललो की मलाच खरं वाटलं.

मी त्यांना रोज बंद करायच्या आधी 'पार्क' हा हुकूम द्यायला शिकवलं, म्हणजे डिस्कची सुई जागेवर बसते आणि आतला मजकूर सलामत राहतो. प्रत्येक कामाची नक्कल फ्लॉपीवर ठेवावी हेही मला शिकवलं होतं. ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग ही डिस्क कशाला?

दोन महिन्यांनी अक्कांना एका सहकारी संस्थेचं काम मिळालं. निवडणुकीसाठी सगळ्या सभासदांची यादी करायची. हे काम नीट झालं तर पुढची सगळी कामं बीदरमध्येच त्यांच्याकडं येणार होती. नाही तर हैदराबादला जाणार. गावोगावचे कागद कानडीत, मराठीत, जुने उर्दूत. कानडी-मराठी अक्का स्वतः वाचत. उर्दू कागद त्यांचे सासरे वाचून दाखवत. मी त्यांना मामा म्हणे; ते निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, कागद नाकाला लावून ते नाव उच्चारत आणि अक्का इंग्रजीत टाइप करत. तीन आठवडे संध्याकाळभर हेच. एका गावाचं झालं की संस्थेचा शिपाई ते कागद परत घेऊन जाई.

सोमवारी यादी छापून द्यायची होती. शनिवारी दुपारी कचेरीत अक्कांचा निरोप आला, ताबडतोब ये.

पडद्यावर एकच ओळ होती, डिस्क सापडत नाही असं सांगणारी. मी बंद केला, चालू केला. कट् कट्. पुन्हा बंद, पुन्हा चालू. कडेचे स्क्रू काढले, वायर घट्ट बसवली, आत फुंकर मारली. काय करतोय ते मलाच कळत नव्हतं. नुसतं हात हलते ठेवायचे होते. सासरे बाजूच्या खुर्चीत चष्मा हातात घेऊन बसले होते. ते दोनदा म्हणाले, "नावं आत हायेत ना रे? मग बाहेर का येईनात?"

अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "काल लाइट मिणमिणायला लागली तवा मी घाईत बटन दाबलं बघ. पार्क केलंच न्हाई वाटतंय. माझ्याच हातानं झालं काय रे, तम्मा?"

बोलायचं असतं तर ती वेळ होती. सासऱ्यांनीही मान वर केली होती, ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मी स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला.

"असंल," मी म्हणालो.

यादी गेली. संस्थेनं काम हैदराबादला दिलं. संस्थेचा सेक्रेटरी क्लासात येऊन सगळ्यांसमोर बोलून गेला, की बाईंनी मशीन घेतली पण बटन कसं दाबायचं ते शिकायचं राहिलं. अक्कांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर चादर पडली आणि क्लास पुन्हा टाइपरायटरवर आला. कुणी विचारलं की म्हणत, ते माझ्या हातचं न्हाई. ज्या हातांनी रुमालाखाली एक अक्षर चुकवलं नव्हतं, त्या हातांबद्दल त्या हे बोलत. मी आठवड्यातून एकदा जायचो, चहा प्यायचो, चादरीकडं पाठ करून बसायचो.

दीड वर्षानं एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. मी तिथंच होतो. शाळेला दोन नवे कॉम्प्युटर मिळाले होते, मुलींना शिकवायला बाई हवी होती, आणि त्या अक्कांना मागायला आल्या होत्या. अक्कांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी मान हलवली.

"मी विसराळू आहे, बाई," त्या म्हणाल्या. "एकदा माझ्या विसरण्यानं सगळं वाया गेलंय. मुलींच्या मशिनी मला नकोत. दुसरं कुणी तरी बघा."

सासरे आत पलंगावर पडले होते. आता दोन्ही डोळ्यांनी त्यांना फारसं दिसत नव्हतं. आतूनच ते म्हणाले, "व्हय, तिला नका देऊ. तिचं मन धजत न्हाई आता."

मुख्याध्यापिका पिशवी उचलून उभ्या राहिल्या. त्या दाराबाहेर पडल्या असत्या तर ते काम कायमचं गेलं असतं, आणि अक्का उरलेल्या आयुष्यभर माझी चूक स्वतःची म्हणून सांगत राहिल्या असत्या. मी उठलो आणि दारात आडवा उभा राहिलो. काही सुचत नव्हतं, म्हणून होतं तेच बोललो, आत पलंगापर्यंत ऐकू जाईल असं.

"अक्का, त्या दिवशी तुम्ही पार्क केलं असतं तरी ती डिस्क गेलीच असती. दुकानदारानं मला आधीच सांगितलं होतं, ही खराब हाय, कागद देणार न्हाई. तुम्ही मला विचारलं, आन् मी न्हाई म्हणालो. नक्कल ठेवा हेबी मुद्दाम सांगितलं न्हाई. मामा, तुम्ही डोळे फोडून वाचलेली नावं माझ्यामुळं गेली. तुमच्या हातानं काय बी चुकलं नव्हतं, अक्का. चुकलं ते माझं. मला माफ करा."