पाचवी बादली

नागपूरकराला कूलरबद्दल काहीही विचारा. पंपात कचरा अडकलाय की मोटरच गेली, वाळ्याच्या ताट्या यंदा चालतील की बदलाव्या लागतील, हे तो अंगणात उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगेल. गिझरचं मात्र तसं नाही. तो हिवाळ्यातले दोन-अडीच महिने लागतो आणि बाकी वर्षभर न्हाणीघरात टांगलेला असतो, त्यामुळे त्याचं काय दुखतंखुपतं याची चौकशी कुणी करत नाही. आमच्या घरी चौकशी करायला एक तज्ज्ञ होते आणि तीच आमची अडचण होती.

तज्ज्ञ म्हणजे माझे सासरे. उभा जन्म विजेच्या खात्यात काढून निवृत्त झालेले आणि अजूनही उशाशी टेस्टर घेऊन झोपणारे. घरातला मिक्सर, पंखा, इस्त्री, काय बिघडलं आणि काय नाही हे ते ठरवतात. त्यांनी जाहीर केल्याशिवाय आमच्या घरात कोणत्याही वस्तूला बिघडायची परवानगी नाही.

गेल्या डिसेंबरात गिझरनं ही परवानगी न घेता कुरकुर सुरू केली. पाणी तापायला लागलं की आतून लाह्या फुटल्यासारखा आवाज यायचा. मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, गिझर वाजून राहिला जी."

"पाणी तापते तं आवाज होतेच. भात शिजताना आवाज होत नाही का वं?"

आठवड्याभरानं बादलीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसायला लागली. ती मी तळहातावर घेऊन त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिली आणि बोअरच्या पाण्यात एवढं राहायचंच, असा निकाल दिला. मग मी तिसरा पुरावा काढला. पाणी तापलं की गिझरचा लाल दिवा विझायला हवा. आमचा पहाटे पाचला लागायचा तो आम्ही सगळे घराबाहेर पडेपर्यंत लागलेलाच असायचा.

"चांगलं हाये ना मंग," सासरे म्हणाले. "मेहनत करून राहिला बिचारा."

वर त्यांच्याकडे हुकमी एक्का होता. "मी रोज आंघोळ करतो त्याच पाण्यानं. चटका बसते, चटका!" स्वतःच्या पाठीला बसलेल्या चटक्यापुढे माझ्या भुकटीची काय मातब्बरी?

आता यात गंमत काय होती ते सांगते. आमच्या घरी आंघोळीचा क्रम ठरलेला. पहिली बादली सासऱ्यांची, कारण पूजा त्यांच्याकडे. दुसरी माझ्या नवऱ्याची, त्याला ऑफिस गाठायचं. तिसरी मुलीची, तिचं कॉलेज. चौथी माझी, मला शाळेत शिकवायला जायचं. पाचवी सासूबाईंची, कारण त्यांना कुठेच जायचं नसतं, असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. सासरे पाचला बटण दाबून सहाला आंघोळीला जात, म्हणजे पहिल्या बादलीला तापायला अख्खा तास मिळे. पुढच्या प्रत्येक बादलीच्या वाट्याला जेमतेम पंधरा मिनिटं. धडधाकट गिझरला तेवढी पुरतात. आमच्या गिझरला पुरत नव्हती. नवऱ्याला पाणी ठीक वाटायचं, मुलीला बरं वाटायचं आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर ते नावापुरतं कोमट उरायचं. ज्याच्या हातात निकाल, त्यालाच रोज पहिली बादली. मग निकाल दुसरा कसा लागणार?

हे डोक्यात शिरलं तेव्हा मी वर्गात फळ्यासमोर उभी होते आणि मुलींसमोर एकटीच हसले. सासऱ्यांना पटवायचं नव्हतंच मुळी, फक्त एक दिवस रांगेत मागे सरकवायचं होतं. मी हे सगळं सासूबाईंच्या कळवळ्यानं केलं असं वाचणाऱ्यांना वाटत असेल तर आधीच सांगते, मला माझ्यासाठी गरम पाणी हवं होतं. सासूबाईंचा तेव्हा विचारही माझ्या मनात आला नव्हता.

कटात मुलगी पहिल्या दमात सामील झाली. नवऱ्याला धमकी देऊन घेतलं. चौथी होती शेजारची वहिनी, तिच्यावाचून काही होणार नव्हतं. सासऱ्यांची एकच कमजोरी. कुणी म्हटलं की अमुक यंत्रातून आवाज येतोय, तर ते जेवत्या ताटावरून उठतील. रविवारी पहाटे पावणेसहाला, अंगावर टॉवेल टाकून ते निघणार तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"काकाजी, इन्व्हर्टर गुणगुण करून राहिलं जी. मले तं भेव वाटते."

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते पूजेनंतरही कधी येत नाही. टॉवेल खुंटीला गेला, टेस्टर खिशात आला आणि कानटोपी घालून ते फाटकाबाहेर पडले. इन्व्हर्टर जन्मापासून गुणगुणत होतं. वहिनीनं त्यांना दोनदा चहा पाजला आणि गुणगुण म्हणजे काय, ती किती प्रकारची असते, हे पावणेदोन तास मान डोलावत ऐकलं. हे उपकार मी आजही फेडते आहे.

इकडे आम्ही कामाला लागलो. रविवारी पहाटे उठवल्याबद्दल नवरा मला शिव्या घालत आंघोळ करून आला. मुलीनं केस धुऊन दोन बादल्या उडवल्या. चौथी मी संपवली, दात वाजवत पण आनंदानं. सासूबाई स्वयंपाकघरात सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, निवडत होत्या. आज सगळे पहाटेच कसे उठले, एवढं त्यांनी एकदा विचारलं आणि पुन्हा खाली मान घातली.

साडेसातला सासरे विजयी मुद्रेनं परतले. "काही नव्हतं. एक स्क्रू ढिला होता," म्हणाले आणि टॉवेल घेऊन न्हाणीघरात शिरले. आम्ही तिघं बाहेरच्या बोळीत भिंतीला चिकटून उभे.

रोज पहिला मग्गा अंगावर पडला की त्यांचं स्तोत्र सुरू होतं. संथ, खर्जात, एकेक शब्द घोळवत. त्या दिवशी मग्ग्याचा आवाज आला आणि पाठोपाठ "अबे बाप रे!" असा देवाधर्माशी संबंध नसलेला उद्गार आला. नंतर स्तोत्र सुरू झालं खरं, पण ते असं सुसाट पळालं की मुलीला तोंडात ओढणी कोंबावी लागली. दोन मिनिटांत फलश्रुतीसकट सगळं संपलं. सासरे थरथरत बाहेर आले.

"गिझर कोनं बंद केला बे?"

"चालूच हाये, बाबा," नवरा म्हणाला. "लाल दिवा पाहा."

त्यांनी वाकून पाहिलं. दिवा इमानेइतबारे जळत होता. "मंग आज बिघडला," ते म्हणाले.

"आजच?" मी विचारलं. मला जिंकल्याचा कैफ चढला होता, त्यात मी बोलून गेले, "आईंना विचारा ना. त्या रोज शेवटी जातात."

सासरे तसेच ओल्या अंगानं स्वयंपाकघराच्या दारात गेले. "कावं, तुले कसं पाणी येते?"

"कसं म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "येते तसंच. थंडं."

"कधीपासून?"

त्यांनी सांभाराची काडी हातात धरून आठवून पाहिलं. "मागच्या थंडीतही असंच होतं जी."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू? तुम्ही रोज म्हणता चटका बसते. पोरं काही बोलत नाही. मले वाटलं पाणी गरमच असन, माह्याच अंगात गर्मी राहिली नाही आता. वयानं होते म्हणते ना तसं."

त्या पुन्हा सांभार निवडायला लागल्या. मुलीच्या तोंडातली ओढणी खाली आली. सासरे टॉवेलनं केस पुसत राहिले, खरं तर त्यांच्या डोक्यावर केस नाहीत. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. मी चौथ्या नंबरवर होते. माझ्या बादलीनंतरच्या बादलीत काय उरत असेल हे घरात फक्त मलाच कळू शकत होतं. दोनदा तर मी गॅसवर पातेलंभर पाणी तापवून घेतलं होतं, माझ्यासाठी. पलीकडच्या ओट्यापाशी त्या पोळ्या लाटत उभ्या होत्या आणि मी ते पातेलं त्यांच्यासमोरून उचलून नेलं होतं.

दुपारी मेकॅनिक आला. त्यानं गिझर उघडून आतली कॉइल काढली. तिच्यावर क्षाराचा थर बसून ती मक्याच्या कणसाएवढी जाड झाली होती. "काकाजी, हे तं कव्हाचं आवाज देऊन राहिलं असन," तो म्हणाला. "घरात कोनाले ऐकू आलं नाही का?" एरवी अशा माणसाला सासऱ्यांनी तासभर विजेचे धडे दिले असते. त्या दिवशी ते स्टुलाचा पाय धरून उभे राहिले आणि नवी कॉइल बसेपर्यंत हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाचला त्यांनी बटण दाबलं. सहाला स्वतः न जाता ते सासूबाईंच्या पलंगापाशी गेले.

"ऊठ वं. तू जाय आधी."

"अन् पूजा?"

"देव थांबते."

लग्न होऊन या घरात आल्यापासून सासूबाई त्यांच्या आधी कधी न्हायल्या नव्हत्या. त्या कुरकुरल्या, लोक काय म्हणतील म्हणाल्या. न्हाणीघरात पाहायला कोणते लोक येणार होते कुणास ठाऊक. शेवटी साडी खांद्यावर टाकून गेल्या. सासरे स्वेटर घालून स्वयंपाकघरातल्या पाटावर बसले. मी चहा ठेवला, पण दोघांचाही कान न्हाणीघराकडे होता. गेले दोन हिवाळे सासूबाईंची आंघोळ म्हणजे चार मग्गे पटापट आणि कडी उघडल्याचा आवाज. आज एक मग्गा पडायचा आणि बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. मग दुसरा पडायचा. चहा उकळून आटला. सासरे घड्याळाकडे न बघता बसून राहिले.

अर्ध्या तासानं दार उघडलं आणि वाफेबरोबर त्या बाहेर आल्या. चेहरा लालबुंद, पदर कसाबसा गुंडाळलेला. त्यांनी आधी आपले दोन्ही हात निरखून पाहिले, मग सासऱ्यांकडे पाहिलं आणि शाळेत पहिला नंबर आल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाल्या,

"अवो, माह्यात काहीच बिघाड नव्हता जी."